आक्काच्या खोलीत काहीच नव्हतं

सुर्ल्याला आम्ही बिऱ्हाड केलं तेव्हा माझ्याबरोबर दोन ट्रंका, भांड्यांचं पोतं आणि वाकळांचं भलंमोठं गाठोडं होतं. चंदगडकडच्या माणसाला वाकळ समजावून सांगावी लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालायचे आणि दाट टाके घालून शिवायचे. वजन असं, की अंगावर घेतली की कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटतं. आईनं लग्नानंतर दर वर्षी एक दिली. एकीत तिचं स्वतःचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं, एकीत चुलतीचं, एकीत माझी परकर-पोलकी. एस्टीच्या टपावर ते गाठोडं चढवताना आमचे मालक म्हणाले, "गोव्यात थंडी असती काय गं? कुणासाठी न्हेतीस हे?" थंडीसाठी नेत नव्हतेच मी ते.

गोवा राज्य झालं त्याच्या पुढच्या खाणीच्या हंगामाची ही गोष्ट. मालक खनिजाचा टिप्पर चालवत. खाणीवर माल भरायचा, नदीकाठच्या जेटीवर ओतायचा, पुन्हा खाणीवर. पैसे खेपेवर, त्यामुळे सगळेच घाईत. रस्ता आमच्या दारावरून जायचा. गाडी गेली की दार थरथरायचं आणि मग हळूहळू धूळ आत यायची, तांबडी, मऊ, पिठासारखी. माडाची पानं तांबडी, वाळत घातलेलं पातळ तांबडं, डोळ्यांच्या पापण्यासुद्धा.

मी सातवीतून शाळा सोडली. त्याचं दुःख नव्हतं, पण एक भीती कायमची बसली होती, की सगळ्यांना माहीत असलेलं काहीतरी आपल्यालाच माहीत नाही. परक्या मुलखात ती वाढली. दार लावलं का, स्टोव्ह विझवला का, ह्यांना यायला उशीर का झाला. आणि सगळ्यांत मोठी काळजी म्हणजे आमची मुलगी. चौथं लागलं होतं तिला.

घरमालकिणीला सगळे माई म्हणत. तिच्या घरामागे, रस्त्याला लागूनच, भाडेकरूंच्या खोल्यांची ओळ होती. माईचे यजमान सकाळी पुढच्या सोप्यावर बसून मराठी पेपर मोठ्यानं वाचत. शेजारचे मास्तर आले की राजभाषा कुठली हवी यावर दोघांची जुंपायची. यजमान मराठीच्या बाजूने तावातावाने भांडत, आणि भांडत कोकणीतून. माई आतून ओरडायची, "च्या थंड जाता रे! भास खंय पळून वचना!" म्हणजे भाषा कुठं पळून जात नाही. आमच्या मुलीनं महिन्याभरातच ती भाषा उचलली. मला म्हणायची, "म्हाका उंडो जाय." मला कळायचं नाही, मग माईच आतून पाव आणून तिच्या हातावर ठेवायची.

आमच्या शेजारच्या खोलीत आक्का राहायची. निपाणीची. तिचा मुलगाही टिप्परवर होता आणि ती त्याचं रांधायला आली होती. पहिल्यांदा तिच्या खोलीत डोकावले तेव्हा मला वाटलं ती आजच आलीय. एक चटई, स्टोव्ह, दोन पातेली, दोरीवर एक लुगडं. भिंतीवर बुद्धाची छोटी तसबीर. बस्स.

"आक्का, सामान मागनं येणार हाय काय?" मी विचारलं.

"आलंय की सगळं," ती म्हणाली. "मी आली, पोरगं आलं. आनी काय राहिलं?"

आक्काच्या माहेरानं आणि सासरानं बुद्धाचा धम्म घेतला होता. संध्याकाळी दिवेलागणीला ती तसबिरीपुढं बसून त्रिशरण म्हणायची आणि नंतर डोळे मिटून बराच वेळ गप्प बसायची. गावाकडं असते तर मी तिच्या हातचा चहा घेतला नसता. हे मला माहीत होतं आणि तिलाही. पहिल्या दिवशी तिनं कप पुढं केला आणि माझ्याकडं बघत राहिली. मी घेतला. इतका गोड होता की दात आंबले. "साखर लागती मला," ती म्हणाली. "बाकी सगळं सोडलं, एवढी सुटंना."

मुलीचा त्रास दिवाळीनंतर सुरू झाला. आधी साधा खोकला. मग पहाटे पहाटे छातीतून बारीक शिट्टी वाजायला लागली. श्वास आत जायचा, पण बाहेर पडताना अडायचा. बरगड्यांमध्ये खळगे पडायचे, नाकपुड्या फुलायच्या. डिचोलीच्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं आणि म्हणाले, धुळीपासून जपा. सुर्ल्यात धुळीपासून जपायचं म्हणजे पाण्यात राहून ओलं व्हायचं नाही. तरी मी जपत होते. खिडकी बंद, दाराच्या फटीत चिंध्या. आणि मुलीला त्रास झाला की मी एकच करायचे, तिला आईच्या हिरव्या वाकळेत गच्च गुंडाळून छातीशी धरायचे आणि रडायचे. दुसरं काय करायचं असतं मला माहीत नव्हतं. माझ्या लहानपणी ताप आला, खोकला आला, भीती वाटली, तरी वाकळच. आमच्याकडे सगळ्या दुखण्याला तेच पहिलं औषध.

गावी धाडू का इथं ठेवू, हे माझं ठरेना. गावी धाडायचं तर मलाही जावं लागणार, मग हे एकटे. पण गावी थंडी, तिथं खोकला वाढला तर दवाखाना लांब. इथं ठेवायचं तर ही धूळ. मी दिवसभर तेच ते दळत बसायचे. माई म्हणाली, "बाये, अशी झुरूं नाका. माझ्या म्हायेरा मुळगावाक वच. देवीक कौल लाव. ती सांगता तें कर आनी सूख घे."

मुळगावच्या देवळात गुरवानं देवीच्या अंगावर पाणी लावून फुलांच्या कळ्या चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मग मला म्हणाला, "सांग, कितें विचारपाचें तें."

मी हात जोडले. "इथं राहिलो तर पोरीला बरं वाटंल काय, का गावी धाडू, पन गावी धाडलं तर ह्यांच्या जेवणाचं कसं, आनी तिथं थंडी, खोकला वाढला तर…"

"थांब, थांब गो बाये!" गुरव हसायलाच लागला. "कळ्यो दोनच लायल्यात. तूं आख्खो बाजार घेवन आयल्या. एक कितें तें विचार."

शेवटी त्यानंच माझ्या वतीने गाऱ्हाणं घातलं, की हे लेकरू सुर्ल्यात राहिलं तर त्याला बरं वाटणार असेल तर उजवा कौल दे. बाजूची दोन माणसं "होय म्हाराजा" म्हणाली. थोड्या वेळानं उजवी कळी अलगद खाली आली. मला इतकं रडू आलं! ओटी भरली, नारळ ठेवला, हलकी होऊन बसमध्ये बसले.

डिचोली यायच्या आत मनात आलं, गुरवानं सुर्ला म्हटलं खरं, पण देवीला कुठलं सुर्ला ते कळलं असेल ना? आणि मी मनातल्या मनात दुसरंच काही म्हणत होते, त्याचा तर तो कौल नव्हे? घरी पोचेपर्यंत सगळी शांती उडाली. पुढच्या आठवड्यात मी परत मुळगावला. गुरवानं मला लांबूनच ओळखलं. "देवी काय तुका तेंच तेंच सांगीत बसतली? वच घरा!"

हे सगळं मी आक्काला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. पोट धरून हसली.

"हसू नका आक्का. माझा जीव चाललाय."

"तुला नाय हसत. तुझ्या मनाला हसती. देवी खाली उतरून तुझ्या चुलीपाशी बसली न्हवं, तरी तू इचारशील, खरंच का?"

मला राग आला. पण खरं होतं.

एका संध्याकाळी मुलीला जोराचा त्रास झाला. मालक खेपेवर होते. मी तिला वाकळेत धरून खोलीत येरझाऱ्या घालत होते, मोठमोठ्यानं देवाचं नाव घेत. आक्का दारात येऊन उभी राहिली. औषध दिलं का विचारलं. दिलं होतं. मग म्हणाली, "बस खाली. पोरीला मांडीवर घे, पर तिचं तोंड तिकडं कर. तुझं तोंड बघून ती जास्त घाबरती."

कुणीतरी थोबाडीत मारावी तसं वाटलं मला. पण बसले.

"आता तिच्याकडं बघू नको. तुझ्या नाकाकडं बघ. वारं आत येतंय, भाईर जातंय, एवढंच बघ. लांब घेऊ नको, धरू नको. जसं हाय तसं."

"पोरगी गुदमरतीय आनी मी नाक बघू?"

"औषध पोटात गेलंय, ते त्याचं काम करंल. तू तुझं कर. तुझी छाती धडधडती ती तिच्या पाठीला लागती. तिला वाटतं आईच भ्यालीया म्हंजे आता काय खरं न्हाई."

मी बघायला लागले. दोन श्वास बघितले आणि मन चंदगडला गेलं. तिथून दवाखान्यात. तिथून ह्यांच्या गाडीचे ब्रेक नीट आहेत का तिथं. "गेलं," मी म्हणाले.

"गेलं तर जाऊ दे. परत आण. शेळी हाय ती, चरायला जाणारच. मारायचं न्हाई, नुसतं वळवायचं."

असं किती वेळ चाललं कोण जाणे. चमत्कार काही झाला नाही, शिट्टी वाजतच होती. पण मुलीनं अंग माझ्यावर टाकलं, तिच्या मुठी सुटल्या. औषधही लागू पडलं असेल. हळूहळू ती झोपली. निपाणीच्या विहारात एक भंते यायचे, त्यांच्याकडून आक्का हे शिकली होती. मला ती कधी धम्म घे म्हणाली नाही. मी देवीला हात जोडायचे ते जोडतच राहिले. फक्त त्या दिवसापासून रोज दिवेलागणीला तिच्या खोलीच्या उंबऱ्याशी थोडी बसायला लागले. माझी शेळी फार लांब लांब जायची.

नंतर एक दिवस मला स्वतःला ताप आला म्हणून मुलगी दुपारभर आक्काकडे ठेवली. आणायला गेले तर ती उघड्या चटईवर, आक्काच्या लुगड्याचा पदर पोटावर घेऊन झोपली होती, तोंड मिटून. मी वाकून ऐकलं. शिट्टी नव्हती. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पोरगी स्वतःच म्हणाली, "मी आक्काकडं निजणार." मला आनंद व्हायला हवा होता. मला वाईट वाटलं. आईच्या कुशीत श्वास अडतो आणि परक्या खोलीत चालतो! मी तसबिरीकडं बघितलं आणि जरा तिरकसपणेच विचारलं, "कसला मंतर घालताय आक्का? आमाला बी सांगा की."

"मंतर कसला? खोलीत काय बी न्हाई, म्हणून."

मला कळलं नाही. मग ती सांगत बसली. तरणेपणी ती तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तिथल्या बायांना असाच दम लागायचा. घरी गेल्या तरी जायचा नाही. त्यातली एक म्हातारी सगळ्यांना सांगायची, वखारीतली लुगडी घरात नेऊ नका, अंथरुणं थोडी ठेवा, रोज झटका, भुकटी कापडात घर करते. आक्का उठली. माझ्या खोलीत गेली, हिरवी वाकळ उचलून बाहेर उन्हात दगडावर टाकली आणि वर हात मारला.

तांबडा धूर उठला. दुसरा हात मारला, पुन्हा तेवढाच. मी नुसती बघत राहिले. रोज झटकत होते की मी! पण धूळ लुगड्यांच्या थरांच्या आत जाऊन बसली होती, टाक्याटाक्यांत. आणि श्वास अडला की मी पोरीचं तोंड त्यातच दाबत होते.

"वाकळंत वाईट काय न्हाई," आक्का माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "तुझ्या आईनं माया शिवली. मायेला काय ठाऊक हितं खाण हाय ते?"

सगळ्या वाकळा मी ओढ्यावर नेऊन धुतल्या. पाणी तांबडं वाहत राहिलं, माझे हात दुखून आले तरी. वाळवून आत आणल्या, आणि आठवड्यात पुन्हा तेच. मग गावचा एक ड्रायव्हर सुट्टीवर निघाला होता, त्याच्याबरोबर सगळं गाठोडं परत धाडलं. खोली एकदम मोठी झाली. बोललं की आवाज घुमायचा. पहिल्या पहाटे चटईवर मला जाग आली तर हात पांघरूण चाचपत होते. आईला त्या ड्रायव्हरनं काय सांगितलं देव जाणे. तिचा निरोप आला, "लेकीला माझ्या पांघरुणाचा वीट आला काय?" ते दुखणं मी पुढं गावी जाऊन तिच्या पायाशी बसून समजावेपर्यंत माझ्या मनात राहिलं. पण परत मागवलं नाही.

हळूहळू ट्रंकेतलंही बरंच काही निघालं. कुठल्याशा समारंभात मिळालेले शर्टपीस, कधी लागतील म्हणून ठेवलेल्या चिंध्या, कागदी फुलांचे हार. एक एक वस्तू उचलली की आधी भीती वाटायची, लागली तर? काढून टाकली की ती भीतीही तिच्याबरोबरच जायची. ही गंमत मला कुणी सांगितली असती तर पटली नसती.

पोरीचा त्रास निम्म्यानं कमी झाला. पण निम्माच. उरलेला रस्त्यावरून येत होता आणि संध्याकाळी ह्यांच्या अंगावरून. डॉक्टर म्हणाले होते, खाणीवरचे कपडे बाहेरच काढा, अंघोळ करून मगच मुलीला घ्या. मालकांना पोरीचं फार. टिप्परचा हॉर्न वाजला की ती पळत जायची आणि हे तिला उचलून खांद्यावर घ्यायचे. आता ती पळत आली की हे मागं सरकायचे. दोन्ही हात वर करून, कुणी बंदूक रोखल्यासारखे. "नको बाय, नको, थांब." तिला तो खेळ वाटायचा. ती हसत हसत पुढं, हे मागं मागं, विहिरीच्या कट्ट्यापर्यंत.

गाडी सोडायची गोष्ट मी काढली होती. तेव्हा ते उसळले होते, "गाडी सोडून काय करू? बसून तुझ्या आक्कासारखं नाक बघू?" टिप्पर त्यांचा जीव होता. समोर आरशाला गोंडे, दसऱ्याला झेंडूच्या माळा. मी पुन्हा बोलले नाही. उंबऱ्याशी बसायचे तेव्हा मनात तेच यायचं, त्याला वळवत राहायचे.

मग एका संध्याकाळी ती अशीच पळत आली, हे मागं सरकले, आणि ती थांबली. म्हणाली, "बाबा, तुमाला मी नको काय?"

त्या दिवशी ते अंघोळीला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. बालदीत पाणी पडायचा आवाजही येत नव्हता. बाहेर आले तेव्हा मी ताट वाढलं होतं. बसले नाहीत. मुलीला उचलून घेतलं, तिच्या केसांत तोंड घालून उभे राहिले. म्हणाले, "हंगाम संपू दे. सोडतो."

"काय?"

"गाडी. आनी काय हाय माझ्याकडं सोडायला?"

माईला कळलं तेव्हा तिनं आमच्यासाठी धावपळ केली. हे उपकार मी विसरणार नाही. तिची धाकटी बहीण पेडण्यातल्या केरीला दिलेली. त्यांची काजू-माडांची बाग होती, माल म्हापशाच्या बाजारात न्यायला टेंपोवर माणूस हवा होता. पगार बराच कमी, राहायला बागेतच एक खोली. माईनं बहिणीला सांगितलं म्हणे, "मनीस बरो. बायल मातशी भियेकुडी, पूण आतां बसपाक शिकल्या." घाबरट, पण आता बसायला शिकलीय! हे मला पुढं केरीत कळलं, तेव्हा मी खूप हसले.

निघायच्या दिवशी आक्कानं चहा केला, तसाच दात आंबवणारा. तिला द्यायला म्हणून मी एक स्टीलचा डबा काढला होता. तिनं घेतला नाही. "मला कशाला? साखर ठेवायला एक हाय." मग मी रडायला लागले तशी म्हणाली, "रड, रड. पर रडताना श्वास बघ. येतोय न्हवं?" मी रडत रडत हसले. सामान इतकं कमी होतं, की टेंपोत मागं मुलीला नाचायला जागा होती.

केरीला पोचलो तेव्हा ऊन उतरत आलं होतं. बाग उतारावर, खाली नदी, पलीकडं तेरेखोलचा किल्ला. फेरीबोट माणसं घेऊन अलीकडं येत होती. मुलीनं ती बघितली आणि हात सोडून पळत सुटली, माडांमधून खाली. मी ओरडले. ती थांबेना. मी चपला टाकून तिच्यामागे धावले. डोक्यात एकच, आता छाती भरेल, आता शिट्टी वाजेल, औषधाची बाटली टेंपोतच राहिली.

ती पाण्यापाशी थांबली होती. मी गुडघ्यावर बसून तिला धरलं आणि तिच्या पाठीला कान लावला. श्वास भरभर चालला होता, मोकळा, धावल्यावर कुणाचाही चालतो तसा. तरी मी कान काढेना.

"आई," ती वळून म्हणाली, "तुलाच लई धाप लागलीय. बस जरा."

मी बसले. ती पण माझ्या शेजारी वाळूत बसली, आणि बोट काठाला लागेपर्यंत आम्ही दोघी नुसतं बघत राहिलो.